‘सुझरेन’ : मांडलिक राष्ट्राध्यक्षाचा खेळ

‘सुझरेन’ या शब्दाचा अर्थ आपल्या इतिहासलेखनाच्या भाषेत सांगायचा, तर मांडलिकांवर सत्ता चालवणारा अधिराजा असा होतो. बर्लिनच्या टॉर्पर गेम्स या छोट्या चमूने आपल्या संगणकीय खेळाला हे नाव दिले त्यात थोडी थट्टा असावी, असे मला वाटते. कारण या खेळात राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतलेल्या माणसाला पहिल्या तासाभरातच कळून चुकते, की आपण कोणाचे अधिराजे वगैरे नसून स्वतःच्या पक्षाचे, दोन-तीन उद्योगपतींचे, सेनाधिकाऱ्यांचे आणि परस्परांवर डोळे वटारून बसलेल्या दोन महासत्तांचे एकाच वेळी मांडलिक आहोत. फेलो ट्रॅव्हलर या प्रकाशन संस्थेने ४ डिसेंबर २०२० रोजी हा खेळ संगणकासाठी बाजारात आणला आणि पुढे तो मोबाइलवरही आला. मी तो तीन वेळा शेवटपर्यंत खेळलो. तिन्ही वेळा शेवट वेगळा झाला आणि तिन्ही वेळा माझी तक्रार मात्र एकच राहिली. तिच्याकडे मी पुढे येईन.

काळ १९५४ चा आहे. मर्कोपा नावाच्या कल्पित खंडावर सॉर्डलँड नावाचे कल्पित प्रजासत्ताक आहे आणि होलसॉर्ड ही त्याची राजधानी. आपण अँटन रेन, नुकतेच निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष. यादवी युद्धातून वर आलेल्या कर्नल टार्क्विन सोल याने दोन दशके देश मुठीत ठेवला, त्याच्यानंतरच्या इवाल्ड अल्फॉन्सो याने बाजारपेठ मोकळी करण्याचा प्रयत्न केला, आणि आपल्या वाट्याला मंदी, अर्धवट सुधारणा व सोलच्या काळातली राज्यघटना एवढा वारसा आला आहे. पडद्यावर दिसतो तो देशाचा नकाशा, त्यावर उमटणाऱ्या अहवालांच्या व वर्तमानपत्रांच्या खुणा, आणि संवाद. संवाद, संवाद आणि पुन्हा संवाद. सुमारे ४ लाख शब्दांची ही संहिता आहे, त्यामुळे ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्याने या वाटेला न गेलेलेच बरे.

राष्ट्रप्रमुख होण्याचे खेळ याआधीही पुष्कळ झाले. एव्हरसिम या फ्रेंच कंपनीचा २०१६ चा ‘पॉवर अँड रेव्होल्यूशन’ घेतला तर त्यात भारतासह जगातील जवळजवळ सगळे देश चालवायला मिळतात. करांचे दर, निवृत्तीचे वय, शाळेतील शिक्षकांची संख्या, शेजाऱ्यावर हेरगिरी, काहीही बदलता येते. पॉझिटेक या ब्रिटिश कंपनीच्या ‘डेमोक्रसी ४’ मध्ये धोरणांचे आणि मतदारगटांचे एक जाळे समोर मांडलेले असते, आणि एक धागा ओढला की दुसरीकडे कोणते बोट हलते ते बाणांनी दाखवलेले असते. हे दोन्ही खेळ आपापल्या जागी गुंतवून ठेवणारे आहेत. तरी त्यांत सत्ता म्हणजे कळफलक होऊन बसते, आणि समोरचा मंत्री हा त्या कळेवर चिकटवलेला चेहरा. ‘सुझरेन’ने हा कळफलकच काढून टाकला, आणि त्याचे मोठे यश व त्याची मोठी उणीव या दोन्हींचे मूळ या एका निर्णयात आहे.

यश आधी सांगतो. मंत्रिमंडळाची बैठक भरते. आरोग्यमंत्री पास्कल बेनिवोल यांना रुग्णालयांसाठी पैसे हवे असतात, शिक्षणमंत्री सियारा वाल्डा यांना शाळांसाठी, संरक्षणमंत्री इओसेफ लान्सिया यांना सैन्यासाठी, आणि अर्थमंत्री सायमन होल यांच्या चेहऱ्यावरूनच कळते, की तिजोरीत या तिघांचे समाधान करण्याइतके काही नाही. इतर खेळांत ही गोष्ट आकडे पुढेमागे सरकवून मिटते. येथे ज्याला नकार द्यायचा तो माणूस समोर बसलेला आहे, त्याची मागणी रास्त आहे, आणि मागच्या बैठकीत आपण ‘पाहू’ असे मोघम बोललो होतो, ते त्याच्या लक्षात आहे. खेळाचे खरे चलन पैसा नसून दिलेला शब्द आहे. तो कोणाला दिला, कोणासमोर फिरवला आणि कोणाला मोघम उत्तर देऊन परत पाठवले, याची नोंद आत कुठेतरी होत राहते, आणि आठ-दहा तासांनंतर ती अचानक समोर येते. एखाद्या जुन्या सहकाऱ्याच्या आवाजातला तुटकपणा आपल्या लक्षात येतो आणि मग आठवते, की आपण त्याला कशाबद्दल तरी आश्वासन दिले होते. असे चटका लावणारे क्षण मी दुसऱ्या कोणत्याही राजकीय खेळात अनुभवलेले नाहीत.

विधेयकांची रचनाही अशीच नेटकी आहे. विधिमंडळाने संमत केलेला कायदा आपल्या मेजावर येतो. त्यावर सही करायची किंवा नकाराधिकार वापरायचा, एवढेच दोन मार्ग. सहीची ती लकेर उमटताना पडद्यावर दिसते आणि मग काही करता येत नाही. कायद्यांचे मसुदे लहान असले तरी ते मुद्दाम गोंधळात टाकणारे आहेत: वरकरणी कामगारांच्या हिताचे दिसणारे कलम नेमके कोणाच्या खिशात जाते, हे दोनदा वाचल्याशिवाय कळत नाही. घाईत सही केलेल्या कागदाने मला पहिल्या खेपेस चांगलेच अडचणीत आणले, आणि त्याचा दोष माझ्या वाचनाकडेच जातो.

संपूर्ण खेळाचा कणा म्हणजे राज्यघटनेची दुरुस्ती. आपला युनायटेड सॉर्डलँड पक्ष आतून दुभंगलेला आहे. सभापती ग्लोरिया टोरी या परंपरावाद्यांच्या पुढाऱ्या, अल्बिन क्लाव्हिन हे सुधारणावाद्यांचे. बाहेर केसारो किबेनर यांचा राष्ट्रवादी पक्ष आहे आणि फ्रेन्स रिक्टर यांचा उदारमतवादी पक्ष. सोलच्या काळात नेमले गेलेले न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात बसले आहेत, आणि सोलच्या विचाराचे जुने लोक सैन्यात व नोकरशाहीत पाय रोवून आहेत. राष्ट्राध्यक्षाचे अधिकार कमी करायचे की वाढवायचे, न्यायाधीशांची मुदत किती ठेवायची, विधिमंडळात येण्यासाठी पक्षांना किती मतांची अट घालायची, अशा एकेका कलमावर या सगळ्यांची मते वेगवेगळी आहेत. त्यामुळे चांगली घटना लिहिणे हा प्रश्नच उरत नाही. संमत होऊ शकेल अशी घटना कोणती, हा प्रश्न उरतो. सुधारणावाद्यांना खूश करणारे कलम घातले की न्यायालय बिथरते, आणि न्यायालयाला चुचकारावे तर क्लाव्हिन तोंड फिरवतात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सत्ताविभाजन हा विषय चार ओळींत संपतो. त्याचा जाच म्हणजे काय, ते या खेळातून कळते.

सॉर्डलँड कल्पित आहे, तरी तुर्कस्तानचा विसाव्या शतकाचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला ही भूमी ओळखीची वाटेल. सैन्यातून आलेला प्रजासत्ताकाचा कठोर शिल्पकार, त्याच्या नावाने शपथा घेणारे सैन्य, सीमेपलीकडेही पसरलेला आणि ओळख नाकारला गेलेला अल्पसंख्य समाज, आणि पहिल्यांदाच खुल्या निवडणुकांची चव घेणारा देश, ही सगळी रेखाटने तेथून आलेली दिसतात. खेळातील ब्लुड समाजाच्या जागी कुर्द समाज ठेवून पाहिला तर बर्गिया प्रांतातील प्रसंगांना वेगळाच भार येतो. तुर्कस्तानात १९५० च्या निवडणुकीने सत्तेवर आलेले अदनान मेंदेरेस यांना १९६० च्या लष्करी उठावाने खाली खेचले आणि १९६१ मध्ये फाशी दिली गेली. ही गोष्ट ठाऊक असलेला खेळाडू सेनापतींच्या गोड बोलण्याकडे जरा जास्त सावधपणे पाहतो. मात्र लेखकांनी इतिहासाची नक्कल केलेली नाही. निवृत्त सोल आपल्याला भेटतो तेव्हा खलनायक म्हणून उभा राहत नाही. त्याचे म्हणणे सुसंगत आहे, अनुभवातून आलेले आहे, आणि भेटीनंतर काही मिनिटे तरी त्याचे पटल्यासारखे वाटते. हुकूमशहा असा पटण्याजोगा लिहिणे सोपे काम नाही.

परराष्ट्र धोरणाचा भाग आपल्याकडच्या वाचकाला विशेष जवळचा वाटावा. एका बाजूला भांडवलशाही अर्केशिया आणि दुसऱ्या बाजूला साम्यवादी युनायटेड कॉन्टाना, दोघांचेही लष्करी करार तयार आणि दोघांचीही मदत अटींसह. शेजारचे रुम्बर्गचे राजघराणे उघड वैर धरून आहे. ज्या वर्षी रेन पदावर येतो त्याच वर्षी, म्हणजे १९५४ च्या एप्रिलमध्ये, भारत आणि चीन यांच्यात पंचशीलाचा करार झाला आणि पुढच्या वर्षी बांडुंगची परिषद भरली, हे मनात असल्यामुळे मी पहिल्या खेपेस मोठ्या उत्साहाने अलिप्ततेचा मार्ग धरला. खेळ तो मार्ग बंद करत नाही, पण त्याचे मोल वसूल करतो. दोन्ही महासत्ता भेटतात, हस्तांदोलन करतात, आणि रुम्बर्गच्या सीमेवर हालचाल सुरू झाली की आपल्या मदतीला कोण येणार या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नसते. तळ्यात-मळ्यात करणाऱ्या देशाला स्वतःच्या सैन्यावर खर्च करावाच लागतो, आणि मी तो पैसा केव्हाच शाळांवर घालवला होता. सियारा वाल्डा यांना तरी मी नाराज केले नव्हते, एवढेच समाधान.

घरातले प्रसंग मी सुरुवातीला भरताड समजत होतो. तो माझा गैरसमज होता. पत्नी मोनिका स्त्रियांच्या हक्कांसाठी सार्वजनिक जीवनात उतरू पाहते. तिला पाठिंबा दिला तर पक्षातील परंपरावादी कुजबुजतात, आणि न दिला तर घरातला दुरावा जेवणाच्या टेबलावर बसतो. गाडी चालवणारा सर्ज शहरात लोक काय बोलतात ते सहज सांगून जातो, आणि कित्येकदा मंत्र्यांच्या अहवालापेक्षा त्याचे बोलणे जास्त कामाचे ठरते. ‘रॅडिकल’, ‘होलसॉर्ड पोस्ट’ आणि ‘जिओपोलिटिको’ ही वर्तमानपत्रे एकाच निर्णयाच्या तीन बातम्या छापतात. तिन्ही वाचण्याची सवय लावून घेतली, तर खेळ बराच सोपा जातो.

आता ती तक्रार. कळफलक काढून टाकण्याची किंमत ही आहे, की कोणत्या कारणाने काय घडले हे खेळाडूला अनेकदा कळतच नाही. आपल्या निर्णयांच्या नोंदी खेळ पडद्याआड ठेवतो, आणि त्यांचे फलित तेवढे समोर मांडतो. पहिल्या खेपेस माझी घटनादुरुस्ती फसली. कोणामुळे फसली? टोरी यांच्या गटाला मी दोन वेळा डावलले होते म्हणून, की न्यायालयाला न रुचणारे एखादे कलम घातले म्हणून, की तिसऱ्याच कुठल्या प्रसंगात दिलेल्या उद्धट उत्तरामुळे? कार्यालयप्रमुख ल्युशियन गालाड अंदाज सांगतो, धोके सांगतो, पण कोण कशामुळे दूर गेला हा हिशेब तोही देत नाही. काही जण यावर म्हणतात, की प्रत्यक्ष राजकारणातही असेच असते, नेत्याला सगळे कुठे कळते. मला हे समर्थन पटत नाही. कोणत्याही जाणत्या पक्षात मतदानाच्या आदल्या रात्री प्रतोदाकडे यादी तयार असते. कोण नक्की, कोण डळमळीत आणि डळमळीत असलेल्याला काय हवे आहे, हे त्याला पाठ असते. राष्ट्राध्यक्षाला अंधारात ठेवणे म्हणजे वास्तवदर्शन होत नाही. येथे मानवी गूढतेच्या नावाखाली माहितीची चणचण खपवली गेली आहे. याचा परिणाम असा होतो, की दुसऱ्या खेपेस आपण चुकीतून शिकून खेळत नाही, केवळ आधीच्या उत्तरांच्या उलट उत्तरे देऊन पाहतो.

अर्थव्यवस्थेत ही उणीव जास्त जाणवते. देश मंदीत आहे असे सगळे सांगतात, आणि नियोजित अर्थव्यवस्था की खुला बाजार, सरकारी उद्योग ठेवायचे की विकायचे, रस्ता बांधायचा की रेल्वे, असे प्रश्न येत राहतात. पण हे प्रश्न बहुतांशी दोन-तीन ठळक पर्यायांपुरते आहेत. करांचा दर ठरवायचा नाही, चलनवाढीकडे लक्ष ठेवायचे नाही, कर्जाचे व्याज मोजायचे नाही. एकदा पैसा मंजूर केला की काही वळणांनंतर ‘परिस्थिती सुधारत आहे’ किंवा ‘सुधारत नाही’ असा अहवाल येतो, आणि मधल्या काळात राष्ट्राध्यक्षाने करण्यासारखे फारसे काही उरत नाही. ज्या खेळाने एका घटनाकलमावर इतके सूक्ष्म काम केले, त्याने मंदीसारखा मध्यवर्ती प्रश्न इतक्या जाड रेषांनी रंगवावा हे खटकते. वॉल्टर टस्क आणि मार्सेल कोरोंती हे दोन धनाढ्य उद्योगपती व्यक्ती म्हणून उत्तम लिहिले आहेत, त्यांची लालूच दाखवण्याची पद्धत वेगवेगळी आहे आणि दोघेही आपल्याला वाकवू पाहतात. मात्र त्यांचा उद्योग चालतो कसा आणि तो बंद पडला तर किती घरांच्या चुली विझतील, हे कधी डोळ्यांसमोर येत नाही. युद्धाचेही असेच आहे. रुम्बर्गशी संघर्षाची वेळ आलीच, तर निकाल मुख्यतः आधी केलेल्या खर्चावर आणि करारांवर ठरतो. प्रत्यक्ष लढाईच्या वेळी राष्ट्राध्यक्ष जवळजवळ प्रेक्षक असतो. कदाचित हे मुद्दाम केले असेल, आणि त्यात तथ्यही आहे, पण इतक्या तासांच्या तयारीनंतर तो भाग घाईने आवरल्यासारखा वाटतो.

नावांचा भडिमार हा लहान दोष, तरी नव्या खेळाडूला पळवून लावणारा आहे. पहिल्या तासातच देश, पक्ष, मंत्री, माजी राष्ट्राध्यक्ष, संघटना आणि त्यांची आद्याक्षरे यांची इतकी गर्दी होते, की मी शेवटी वही घेऊन बसलो. रंगीत शब्दावर टिचकी मारली की त्याची माहिती उघडते, ही सोय चांगली आहे आणि तो अंतर्गत ज्ञानकोश आस्थेने लिहिलेला आहे. पण प्रत्येक वाक्यात तीन-तीन रंगीत शब्द असले की संवादाची लय मोडते. खेळ मराठीत उपलब्ध नाही, आणि त्याची इंग्रजी कार्यालयीन वळणाची, वकिली शब्दांनी भरलेली आहे. ज्यांना असे वाचन सरावाचे नाही त्यांना संध्याकाळी दमून आल्यावर हा खेळ जड जाईल. दुसऱ्यांदा खेळताना एक वेगळाच त्रास होतो: बहुतेक प्रसंग तेच असतात, मंत्री तीच प्रास्ताविके करतात, आणि बदललेले वाक्य शोधण्यासाठी न बदललेली वीस वाक्ये पुढे ढकलावी लागतात. पुन्हा खेळण्याजोगा खेळ अशी त्याची ख्याती आहे. ती निम्मी खरी आहे, कारण शेवटचा तृतीयांश भाग खरोखर बदलतो आणि पहिला तृतीयांश जवळजवळ नाही.

२५ मार्च २०२४ रोजी आलेल्या ‘किंगडम ऑफ रिझिया’ या जोडभागाचा उल्लेख केल्याशिवाय हे परीक्षण अन्यायाचे होईल, कारण वरच्या बऱ्याच तक्रारी स्वतः निर्मात्यांच्याही मनात असाव्यात, असे तो खेळताना वाटते. येथे आपण राजा रोमस तोरास आहोत. देशाकडे ऊर्जेचे साठे आहेत, शेजारच्या पालेसशी भूमीचा वाद आहे, दरबारात सरदार घराण्यांची ओढाताण आहे आणि राजकन्या व्हीना हिच्या विवाहाचा प्रश्न हा घरचा कमी व परराष्ट्र खात्याचा जास्त आहे. खजिना, ऊर्जा आणि राजाचा अधिकार ही साधने आकड्यांत दिसतात, राजाज्ञा काढली की त्यांतून किती वजा होणार ते आधी कळते, आणि युद्ध आले तर ते नकाशावर पाळीपाळीने लढता येते. सॉर्डलँडमध्ये जो हिशेब लपवलेला होता तो येथे मेजावर ठेवला आहे, आणि त्याने गूढता कमी झाली असे मला क्षणभरही वाटले नाही. उलट, अधिकाराचे दोनच अंक शिल्लक असताना सरदाराला दुखवायचे की मुलीला, हा पेच जास्त बोचतो. एक गोष्ट मात्र सॉर्डलँडमध्ये होती आणि रिझियात नाही: विधिमंडळाची ती रणधुमाळी. राजाला मते जमवावी लागत नाहीत, त्यामुळे टोरी आणि क्लाव्हिन यांच्या मध्ये चेंगरून जाण्याचा अनुभव येथे मिळत नाही.

विकत घ्यायचा असेल तर मूळ खेळ आधी घ्यावा, पहिली खेप कोणतेही मार्गदर्शन न वाचता, चुका करत पुरी करावी, आणि रिझिया मागाहून घ्यावा; उलट क्रमाने खेळणाऱ्याला रिझियातील स्पष्ट आकड्यांची सवय लागते आणि मग सॉर्डलँडचा अंधार सोसवत नाही. मोबाइलपेक्षा मोठ्या पडद्यावर तो जास्त सुसह्य होतो, कारण विधेयकांची कलमे बारीक अक्षरांत वाचणे डोळ्यांवर अन्याय करणारे आहे. मी स्वतः चौथ्यांदा सुरुवात केली आहे, या वेळी वही आधीच उघडून, आणि पहिल्याच पानावर कोणाला काय कबूल केले याची यादी लिहीत.